चाळिसाव्या मिनिटाला काय होतं?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. डोंबिवलीत लग्नाच्या फिल्म एडिट करणाऱ्या एका मित्राचा फोन आला. "मशिन गंडलंय रे. एक्स्पोर्ट लावला की आधी पळतं, मग रांगायला लागतं." मशिन म्हणजे मिठाईच्या किलोभर खोक्याएवढी पेटी, तीन महिन्यांपूर्वी हौसेनं घेतलेली. घरी जाऊन पाहिलं तर पेटी टीव्ही युनिटच्या कप्प्यात, काचेच्या दाराआड, सेट-टॉप बॉक्सला खेटून. वर धूळ बसू नये म्हणून वहिनींनी घातलेला क्रोशाचा रुमाल. मागच्या जाळीशी हात नेला तर इस्त्रीजवळ नेल्यासारखा चटका लागला. पेटी बाहेर काढून टेबलावर मोकळी ठेवली आणि तीच फाइल पुन्हा लावली. कप्प्यात एक तास दहा मिनिटं लागत होती, ती आता अठ्ठेचाळीसवर आली. मशिन ठणठणीत होतं. रुमाल वहिनींनी परत नेला.

छोटं वर्कस्टेशन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हा किस्सा ऐकवतो. दुकानात आपण पेटी बघतो ती पहिल्या मिनिटाची, आणि आपलं काम चाळिसाव्या मिनिटालाही चालूच असतं. डेमो थंड मशिनवर होतो, जाहिरातीतला प्रोसेसरचा वेग हा त्याचा क्षणभराचा कमाल वेग असतो. त्यामुळे जड काम करणाऱ्यानं, म्हणजे व्हिडिओ, थ्रीडी रेंडर, स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, मोठे फोटो, घरच्या घरी चालवायची एआय मॉडेलं यांपैकी काहीही करणाऱ्यानं, एकच प्रश्न धरून बसावं: हे मशिन तापल्यावर किती चालतं?

आधी आकाराचा हिशोब. या पेट्या लिटरमध्ये मोजतात, आणि आपल्याला कुकरमुळे लिटर चांगले कळतात. २०२४ची मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे जेमतेम पाऊण लिटरच्या वर. लेनोवो टायनी, एचपी मिनी, डेल मायक्रो या ऑफिसांत मॉनिटरच्या मागे टांगलेल्या दिसतात त्या साधारण लिटरभराच्या. मॅक स्टुडिओ आणि लेनोवोचं थिंकस्टेशन पी३ अल्ट्रा पावणेचार ते चार लिटरच्या घरात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचा कुकर. फ्रेमवर्कचा डेस्कटॉप साडेचार लिटर. मिनी-आयटीएक्स बोर्डावर असेम्बल केलेली पेटी दहा ते वीस लिटर. आणि आपला नेहमीचा मिड टॉवर चाळीसच्या पुढे. माझं मत विचाराल तर दिवसभर जड काम असेल त्यानं लिटरभराच्या पेटीकडे बघूच नये, तिच्यावर वर्कस्टेशन असं कितीही ठळक छापलेलं असो. चार लिटरपासून पुढे बोलणी सुरू करावीत. अपवाद पुढे सांगतो.

कारण साधं आहे. मशिन जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. दोनशे वॅट खाणारी पेटी म्हणजे टेबलावर ठेवलेला दोनशे वॅटचा हीटर. पेटी लहान केली म्हणून तो हीटर लहान होत नाही. मग कंपनीपुढे दोनच वाटा उरतात: वीज कमी द्यायची, नाहीतर थंड करण्यावर पैसा ओतायचा.

वीज कमी दिली की काय होतं याचा स्वच्छ नमुना एनव्हिडियाच्या दोन कार्डांत सापडतो. आरटीएक्स ४००० एडा आणि आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा. नावात तीन अक्षरांचा फरक. दोन्हींत ६१४४ कोअर, दोन्हींना २० जीबी मेमरी. पण पहिलं १३० वॅट खातं आणि दुसरं ७०, कारण छोट्या पेटीत वेगळी वायर न जोडता बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅटच मिळतात. परिणाम असा की कंपनीच्याच आकड्यांत पहिल्याची गणनक्षमता २६.७ टेराफ्लॉप आणि दुसऱ्याची १९.२. मेमरीचा वेगही ३६०वरून २८० जीबी प्रतिसेकंदावर येतो. आता हे कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. ७० वॅटमध्ये २० जीबी मेमरी देणारं कार्ड म्हणजे आर्किटेक्टच्या छोट्या ऑफिसला वरदानच आहे. फक्त कोटेशनमध्ये 'आरटीएक्स ४०००' एवढंच लिहून आलं तर पुढची तीन अक्षरं विचारून घ्या. तसंच इंटेलच्या प्रोसेसरचं. आकड्यापुढे 'टी' असेल तर तो मूळ ३५ वॅटचा, काही नसेल तर बहुधा ६५चा. लिटरभराच्या पेटीत अनेकदा टीवाला असतो आणि दुकानदार "आय-सेव्हनच आहे साहेब" म्हणून मोकळा होतो.

दुसरी वाट कशी दिसते ते मॅक स्टुडिओला हातात उचलून कळतं. २०२२ साली ती आली तेव्हा मॅक्स चिपची पेटी २.७ किलोची होती आणि अल्ट्रा चिपची ३.६ किलोची. बाहेरून दोन्ही जुळ्या. ते जास्तीचं नऊशे ग्रॅम वजन मुख्यतः थंड करायच्या भागातलं आहे: एकीत अ‍ॅल्युमिनियम, दुसरीत तांबं. कोणतीही छोटी पेटी विकत घेताना मी आधी उचलून बघतो. गावठी पद्धत आहे, पण आत धातू किती घातलाय हे हाताला कळतंच.

अ‍ॅपललाही हे ठेच लागूनच कळलं. २००० साली त्यांनी पंख्याशिवायचा सुंदर क्यूब आणला आणि वर्षभरात उत्पादन थांबवलं. २०१३ साली दंडगोल मॅक प्रो आणला, मधे एकच त्रिकोणी हीटसिंक आणि वर एक पंखा. पुढे ग्राफिक्स कार्डं जास्त वीज मागू लागली तेव्हा त्या त्रिकोणाला त्यांची उष्णता पेलवेना, आणि २०१७ साली कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना बोलावून ही रचना आम्हालाच अडचणीची झाली असं कबूल केलं. आकार आधी आणि काम नंतर ठरवलं की भले भले अडकतात.

तेव्हा दुकानात किंवा परत करण्याच्या मुदतीत घरी ही परीक्षा घ्याच. सिनेबेंच हा मोफत प्रोग्रॅम दहा मिनिटं सलग चालवता येतो. पहिल्या फेरीचा आणि दहाव्या मिनिटाचा आकडा लिहून ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे आपलीच खरी फाइल पेन ड्राइव्हवर न्यायची, सलग चाळीस मिनिटं रेंडर लावायचा आणि विंडोज असेल तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचा वेग बघत चहा प्यायचा. वेग दहा-पंधरा टक्के उतरला तर मी मान्य करतो. तिसरा हिस्सा गेला तर ती पेटी आपली नाही. दुकानदार कंटाळतो, हे खरं. कंटाळू दे.

आता तुमचं काम. इथे मी सगळ्यांना एकच औषध देणार नाही.

रेव्हिट, सॉलिडवर्क्स, थ्रीडीएस मॅक्स, ईटॅब्स यांपैकी एकावर जरी पोट असेल तर विंडोज घ्या, मॅकचा मोह सोडा. रेव्हिटची बरीचशी कामं एकाच कोअरवर चालतात. त्यामुळे चोवीस कोअरचा प्रोसेसर घेऊन हाती फारसं काही लागत नाही, एका कोअरचा वेग जास्त असलेला बरा. हा तो मघाचा अपवाद: नुसती ड्रॉइंगं आणि मॉडेलिंग करणाऱ्याचा प्रोसेसर सलग तापतच नाही, थोड्या थोड्या उड्या मारतो. त्याला लिटर-दीड लिटरची पेटीही पुरते. पण त्यावर लुमियन किंवा एन्स्केप आलं की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर, आणि तिथे चार लिटरचा नियम पुन्हा लागू.

लग्नसराईत कॅमेरे फोर-टू-टू टेन-बिट एचईव्हीसीमध्ये शूट करतात आणि मग टाइमलाइन अडखळते. हे फुटेज हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या प्रोसेसरातल्या ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आहे, अ‍ॅपलच्या चिपांत आहे, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ती थेट आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणून एडिटरनं इंटेलचा 'एफ' अक्षराचा प्रोसेसर घेऊ नये, त्यात हे अंगचं ग्राफिक्स बंद असतं. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी एफ घेतलेल्या आणि मग प्रॉक्सी बनवत रात्री जागवणाऱ्या दोघांना तरी मी ओळखतो. एडिटिंगला मॅक स्टुडिओ किंवा एम४ प्रो चिपची मॅक मिनी हे उत्तर मला बहुतेक वेळा पटतं. शांत चालते, वीज कमी खाते, म्हणून लिटरभराची असूनही ही मिनी माझ्या नियमाला दुसरा अपवाद.

डीटीपीवाल्यांसाठी एक बारीक सूचना. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे आपला डाँगल, जुन्या चौकोनी यूएसबीचा असतो. नव्या मॅक मिनीला ते चौकोनी पोर्ट एकही नाही. पेटी घेण्याआधी डाँगल, पेन टॅब्लेट, प्रिंटर, कार्ड रीडर यांच्या वायरी टेबलावर मांडून मोजा.

घरी एआय मॉडेल चालवायचं असेल त्यांचा हिशोब निराळा आहे, आणि खरं तर छोट्या पेट्यांची सगळ्यात रंजक बाजू हीच. सत्तर अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांवर आणलं तरी चाळीसेक जीबी जागा मागतं. २४ जीबीच्या कार्डात ते मावत नाही. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वाटून घेतात अशा पेट्यांत, उदाहरणार्थ रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ असलेल्या एचपी झेड२ मिनी जी१ए किंवा फ्रेमवर्क डेस्कटॉपमध्ये, १२८ जीबीपर्यंत मेमरी मिळते. मावलं म्हणजे पळालं असं मात्र नाही. मॉडेल प्रत्येक शब्दखंडासाठी, म्हणजे टोकनसाठी, आपली जवळपास सगळी चाळीस जीबी एकदा वाचून काढतं. या चिपचा मेमरीचा वेग २५६ जीबी प्रतिसेकंद. चाळीसनं भागा: सेकंदाला फार तर सहा शब्दखंड. एम३ अल्ट्राच्या मॅक स्टुडिओचा वेग ८१९, म्हणजे तेच काम वीसच्या आसपास. भागाकार करायला दुकानदाराची गरज नाही. एनव्हिडियाची डीजीएक्स स्पार्क नावाची वीतभर पेटी १२८ जीबी देते, पण ती लिनक्सवर चालते आणि आर्म प्रोसेसरची आहे. तिच्यावर टॅली आणि ऑटोकॅड चालवायची स्वप्नं बघू नका.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर तिच्या खरेदीचंही सांगतो. मॅकमध्ये आणि वर सांगितलेल्या रायझन पेट्यांत रॅम बोर्डावर पक्की बसलेली असते. "आत्ता कमी घेऊ, दिवाळीला वाढवू" हा आपला पिढीजात बेत इथे चालत नाही. फ्रेमवर्क ही कंपनी जन्माला आली ती दुरुस्त होणारे लॅपटॉप बनवायला, पण या चिपला वेगळी रॅम जोडायचा त्यांचाही प्रयत्न फसला आणि रॅम कायमचीच बसवावी लागली. म्हणून अशा पेटीत पैसे घालायचे तर आधी रॅममध्ये घाला, मग चिपमध्ये, आणि डिस्कमध्ये सगळ्यात शेवटी, कारण डिस्क बाहेरून थंडरबोल्टनं जोडता येते. एडिटिंगला आणि फोटोंना ३२ जीबीच्या खाली उतरू नका, रेव्हिटसोबत रेंडर असेल तर ६४ धरा. रॅम काढता-घालता येणाऱ्या विंडोज पेट्यांतही हिशोब आताच करा. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून नेल्यामुळे रॅमचे भाव असे भडकले की नंतर स्वस्तात वाढवू ही आशा कोणी धरू नये.

आपल्या हवेबद्दल कंपन्यांची माहितीपत्रकं फार बोलत नाहीत. अ‍ॅपल आपल्या मशिनसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता ज्या खोलीत एसी नाही तिथे हा नियम आपसूक मोडतो. तिथे जड रेंडर रात्रीचे लावा. डेझर्ट कूलरच्या झोतात पेटी ठेवू नका, ती हवा गार असली तरी ओली असते. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर मशिन आठवडेच्या आठवडे बंद पडून राहू देऊ नका, रोज थोडं चालवलं की आतला ओलावा सुटतो. देवघर शेजारी असेल तर उदबत्तीचा धूर पंख्यावर चिकट थर धरतो. छोट्या पेटीच्या जाळ्या बारीक असतात, सहा महिन्यांत तिथे लोकरीसारखा गोळा जमतो. दिवाळीच्या आवराआवरीत एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरानं पंखा गरगर फिरून बेअरिंग जातं.

विजेचं थोडक्यात सांगतो, पण हे हलक्यात घेऊ नका. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच पेलतो. तीनशे वॅटची पेटी आणि दोन मॉनिटर लावले की तो वीज गेल्या क्षणीच मान टाकतो. एक केव्हीए तरी घ्या, आणि तो प्युअर साइन वेव्ह हवा. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आधुनिक एसएमपीएस गुरगुरतात, काही सरळ बंद होतात. धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष मशिनचा नसून घरातल्या अर्थिंगचा असण्याचीच शक्यता जास्त. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम, मग पेटीची खरेदी. आणि बाहेर वीट लटकणारा अ‍ॅडॉप्टर असेल तर तो शहरात सुटा मिळतो का हे विचारून ठेवा. दोनशे-तीनशे वॅटचे अ‍ॅडॉप्टर कोपऱ्यावरच्या दुकानात नसतात.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन "छोटं कॅबिनेट हवंय" म्हटलंत तर हमखास उत्तर येईल, "कशाला साहेब? मिड टॉवर घ्या, निम्म्या त्रासात होईल." दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाही. मिनी-आयटीएक्स बोर्डाला कार्डाचा स्लॉट एकच आणि रॅमचे बहुधा दोनच, छोटा एसएफएक्स एसएमपीएस महाग, कूलरची उंची मिलिमीटरमध्ये जुळवायची. टेबलाखाली जागा असेल, दोन ग्राफिक्स कार्डं किंवा कॅप्चर कार्ड लागत असेल, रोज रात्रभर रेंडर चालणार असेल तर टॉवरच घ्या आणि सुखानं राहा. छोटी पेटी कोणासाठी? वन बीएचकेच्या हॉलमध्ये ऑफिस थाटलेल्यांसाठी, साइटवर किंवा लग्नाच्या हॉलवर मशिन नेणाऱ्यांसाठी, आणि घरातच आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी. या शेवटच्यांनी मात्र पेटी भाराखाली चालवून ऐकल्याशिवाय घेऊ नये. छोटे पंखे वेगानं फिरतात आणि त्यांचा बारीक सूर मायक्रोफोन नेमका पकडतो.

तयार पेटी घेणार असाल तर ऑनसाइट वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे बिलाआधी विचारा. तालुक्याच्या गावी 'ऑनसाइट'चा अर्थ कधी कधी पेटी कुरिअर करा असा निघतो. बिल व्यवसायाच्या नावानं घ्या: १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं आणि प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के दरानं घसारा धरता येतो, बाकी तुमच्या सीएंना विचारा. न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याकडून मागवायचा विचार असेल तर हे दोन्ही फायदे जातात, विमानातून येताना लॅपटॉपला असलेली खास सवलत डेस्कटॉपला नाही, आणि वॉरंटी इथे चालते का ते मॉडेलगणिक बघावं लागतं. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्र सरकारनं आयातीवर बंधनं आणली तेव्हा लॅपटॉप-टॅब्लेटच्या यादीत अतिलहान डेस्कटॉपही नाव घेऊन घातले होते. पुढे ती व्यवस्था सैल झाली, तरी भाचा निघण्याआधी ताजा नियम पाहून घ्या.

पेटी आली की जागा ठरवा. मागे आणि बाजूला वीतभर मोकळी हवा, खाली गालिचा नको, वर काहीही नको. टेबलाच्या खालच्या बाजूला ब्रॅकेटनं टांगणार असाल तर हवा कुठून आत जाते ते आधी बघा, मॅक मिनीसारख्या काही पेट्या तळातूनच श्वास घेतात. आणि त्या नव्या मॅक मिनीचं पॉवर बटणही तळाला मागच्या कोपऱ्यात आहे. ब्रॅकेटचे स्क्रू आवळण्याआधी बोट तिथवर पोचतं का, एकदा बघून घ्या.